गाडी न्यूट्रलला येत नसेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासावे

धोपावे जेटीच्या उतारावर दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रांग लागलेली असताना माझी सेकंडहँड घेतलेली दीडशे सीसीची मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये अडकून बसली. पेडल उचलले की गाडी थेट दुसऱ्यात जाई, दाबले की पुन्हा पहिल्यात, आणि मधल्या न्यूट्रलचा हिरवा दिवा काही केल्या लागेना. क्लच धरून धरून डावा हात भरून आला. शेवटी इंजिन बंद करून, मागच्या टेम्पोवाल्याची बोलणी खात, क्लच दाबलेल्या अवस्थेतच गाडी ढकलत बोटीवर चढवली. पुढच्या आठवड्यात एका गॅरेजात ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ असे ऐकवून आठ हजारांचा अंदाज दिला गेला. तो उघडावा लागला नाही. शृंगारतळीतल्या एका वयस्कर फिटरकाकांनी क्लचची वायर काढून समोर धरली. आतली तार गंजून बाहेरच्या नळीत अडखळत होती, त्यामुळे लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नव्हते. नवी वायर आणि पाऊण तासाचे काम एवढ्यावर भागले.

त्यानंतर मित्रांच्या आणि शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या. न्यूट्रल न सापडण्याचे मूळ बहुतेकदा पायाच्या सवयीत किंवा अर्धवट सुटणाऱ्या क्लचमध्ये निघते. खुद्द गिअरबॉक्स बिघडलेला क्वचितच असतो. म्हणून पुढच्या पायऱ्या फुकटच्या उपायांपासून सुरू होऊन खर्चाच्या उपायांकडे जातील अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नये, एवढी विनंती आहे.

१. न्यूट्रल नेमके कुठे असते ते समजून घ्या

आपल्याकडच्या सव्वाशे सीसी आणि त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींत एक गिअर खाली आणि बाकीचे वर अशी रचना असते. पेडल खाली दाबले की पहिला पडतो, तिथून वर उचलत गेले की दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असते. शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांत मात्र न्यूट्रल सुरुवातीलाच असते, पुढचे पेडल दाबत गेले की चारही गिअर पडतात आणि टाचेने मागचे पेडल दाबले की ते उतरतात. स्प्लेंडरवर हात बसलेला माणूस पल्सरवर बसला की पहिले चार दिवस न्यूट्रल शोधत राहतो आणि दोष गाडीला देतो. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतील गिअरची आकृती आधी पाहावी. सेकंडहँड गाडीबरोबर पुस्तिका मिळाली नसेल तर मूळ मालकाला विचारून घ्यावे.

गिअरबॉक्सच्या आत खाचा कोरलेला एक दंडगोल असतो, त्याला गिअर ड्रम म्हणतात. पेडलच्या प्रत्येक पूर्ण हालचालीबरोबर हा ड्रम एक टप्पा फिरतो आणि त्याच्या खाचांतून सरकणारे फोर्क गिअर इकडून तिकडे नेतात. ड्रमच्या टोकाला चांदणीच्या आकाराची एक तबकडी असते. तिच्या खोबणीत स्प्रिंगने दाबलेला छोटा रोलर बसतो आणि गिअर जागेवर थांबतो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या खोबणी खोल असतात, न्यूट्रलची खोबण त्या दोहोंच्या मधल्या उंचवट्यावर, उथळ असते. म्हणजे न्यूट्रल हा अर्धा टप्पा आहे, आणि पूर्ण टप्प्याच्या जोराने पेडल उचलले तर रोलर ती उथळ खोबण ओलांडून पुढे जाणारच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गिअर एकमेकांत गुंतवणारे जे जाड दात असतात, ज्यांना डॉग म्हणतात, त्यांच्यावर ताण असेल तर ते एकमेकांतून निघत नाहीत. दाराला पलीकडून कोणी रेटा देत असेल तर कडी सरकत नाही, तसेच हे आहे. क्लच पूर्ण सुटला नसेल तर इंजिन तो रेटा देत राहते. गाडी उतारावर उभी असेल तर मागचे चाक तो रेटा देते. यापुढचे जवळजवळ सगळे उपाय हा रेटा काढून घेण्याचेच आहेत.

न्यूट्रल न सापडणे ही जुनी अडचण आहे आणि गाड्या बनवणाऱ्यांनाही ती ठाऊक होती. उजव्या पायाने गिअर टाकाव्या लागणाऱ्या जुन्या बुलेटला न्यूट्रलसाठी वेगळा छोटा लिव्हर होता. क्लच दाबून तो टाचेने खाली दाबला की पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून गाडी न्यूट्रलला येई. कावासाकीच्या काही गाड्यांत तर गाडी उभी असताना पहिल्यातून वर उचलले तरी दुसरा पडतच नाही, न्यूट्रलवरच थांबते. आपल्या रोजच्या गाड्यांत अशी सोय नसते, म्हणून पायालाच शिकवावे लागते.

२. जवळ ठेवायचे साहित्य आणि कागद

घरी करण्याजोग्या कामांसाठी १०, १२ आणि १४ नंबरचे पाने, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पातळ ऑइलची छोटी बाटली, थोडे ग्रीस, जुने फडके आणि गाडीच्या मॉडेलची एक नवी क्लच वायर एवढे पुरेसे आहे. वायर आधीच आणून ठेवावी, कारण रविवारी संध्याकाळी गावात ती मिळत नाही. जुने चालक तर नवी वायर चालू वायरीच्या शेजारीच बांधून ठेवत, म्हणजे वाटेत तुटली तरी फक्त दोन टोके अडकवायची राहत. ही युक्ती मला फार आवडते.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसची पुस्तिका, आधीच्या सर्व्हिसची बिले आणि आरसीची प्रत काढून ठेवावी. वॉरंटीतल्या गाडीचा क्लच बाहेरच्या माणसाने उघडला तर पुढे वाद होतो. वायरीचा ताण जुळवणे आणि ऑइलची पातळी पाहणे ही मालकाने करायचीच कामे आहेत. त्यापलीकडे स्वतः हात घालू नये. अगदी नव्या गाडीचे गिअर सुरुवातीला थोडे कडक असतात आणि पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलल्यावर ते बरेच मोकळे होतात, तोवर घाबरून जाऊ नये.

३. इंजिन बंद ठेवून आणि चालू ठेवून, अशी दोनदा परीक्षा घ्या

ही पाच मिनिटांची परीक्षा मला जेटीवर माहीत असती तर गॅरेजातला तो अंदाज ऐकावाच लागला नसता. सपाट जागा निवडावी. अंगणातील चिऱ्याची फरशी किंवा डांबरी रस्ता चालेल, उतार नको.

प्रथम इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. आता गाडी हलकेच पुढे-मागे डुलवत पायाच्या बोटांनी पेडल अर्धे उचलावे. दोन-तीन प्रयत्नांत न्यूट्रल सापडले तर पेडल, ड्रम आणि फोर्क बहुधा ठीक आहेत असे समजावे.

मग इंजिन सुरू करून दोन मिनिटे चालू द्यावे, क्लच पूर्ण दाबून पहिला टाकावा आणि पुढचा ब्रेक हलका धरावा. ब्रेक सैल करताच, क्लच दाबलेला असूनही, गाडी पुढे सरकू पाहत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, हे नक्की झाले. पहिला टाकताना ‘खट्’ असा मोठा आवाज होऊन गाडीला धक्का बसत असेल तर तीही त्याचीच खूण आहे.

इंजिन बंद असताना सहज आणि चालू असताना मुळीच नाही, अशी अवस्था असेल तर पाचव्या पायरीवर जावे. दोन्ही वेळा पेडल अडत असेल तर सहावी पायरी पाहावी. दोन्ही वेळा न्यूट्रल मिळते, पण रस्त्यावर नेमक्या वेळी मिळत नाही, अशी तक्रार असेल तर दोष पायाच्या सवयीत आहे आणि चौथी पायरी पुरेशी आहे.

इथे एक सापळा आहे. हिरवा दिवा हा न्यूट्रलचा पुरावा नव्हे. तो गिअरबॉक्सवरील एका छोट्या स्विचवर चालतो आणि खाऱ्या हवेत त्या स्विचच्या वायरीचे टोक हिरवट गंजते. मग गाडी न्यूट्रलमध्ये असूनही दिवा लागत नाही आणि नवखा चालक सापडलेले न्यूट्रल सोडून पुन्हा शोधायला निघतो. उलट, स्विचची वायर कुठे घासून उघडी पडून इंजिनाला टेकली तर गाडी गिअरमध्ये असतानाही दिवा लागतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी गाडी अर्धा फूट पुढे-मागे ढकलून पाहण्याची सवय लावून घ्यावी. क्लच न दाबता गाडी मोकळी सरकली तरच ते न्यूट्रल.

४. पायाची सवय

न्यूट्रल शोधण्याची योग्य वेळ गाडी थांबल्यानंतरची नसते, थांबण्यापूर्वीची असते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीच्या वेगाने सरकत असताना क्लच पूर्ण दाबावा आणि बुटाच्या टोकाने पेडल हलकेच, पूर्ण न दाबता, खाली टेकवावे. चाके फिरत असताना आतले गिअरही फिरत असतात, डॉगवर ताण नसतो आणि ड्रम त्या अर्ध्या टप्प्यावर अलगद येतो. बाजारात थांबताना, रेल्वे फाटकापाशी, जेटीच्या रांगेत, सगळीकडे हाच क्रम ठेवला तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. माझी मिटली होती, फक्त वायर गंजलेली असल्याने पूर्ण मिटली नव्हती.

गाडी पहिल्या गिअरमध्येच थांबली असेल तर पेडलला लाथ मारू नये. क्लच दाबलेला ठेवून पेडलखाली पायाचे बोट घालावे, वर किंचित दाब ठेवावा आणि त्याच वेळी क्लच अगदी दोरा भर सोडून पुन्हा दाबावा. त्या क्षणी आतले गिअर थोडे फिरतात, डॉगवरचा ताण उतरतो आणि पेडल आपोआप वर सरकते. हे करताना पुढचा ब्रेक धरलेलाच असावा. दुसरा उपाय म्हणजे गाडी पायांनी वीतभर पुढे-मागे करत तोच हलका दाब ठेवणे. तिसरा उपाय, जो मला सर्वांत कमी आवडतो पण अडचणीत उपयोगी पडतो, तो म्हणजे इंजिन बंद करून न्यूट्रल शोधणे.

उतारावरची गोष्ट वेगळी आहे. कोकणातील घरे आणि जेट्या दोन्ही उतारावर, त्यामुळे हा प्रसंग रोज येतो. पहिल्या गिअरमध्ये उतारावर उभी केलेली गाडी आपल्या वजनाने डॉगवर रेलून बसलेली असते. कितीही जोर केला तरी न्यूट्रल मिळत नाही. गाडीवर नीट बसावे, क्लच दाबावा, गाडी चार बोटे चढाच्या बाजूला ढकलून ब्रेकने तिथेच धरावी आणि मग पेडल उचलावे. ते लोण्यातून सुरी जावी तसे येते. आणि न्यूट्रल मिळाल्यावर गाडी तोलून धरणारे फक्त ब्रेक असतात, हे विसरू नये. उतारावर उभी करायची असेल तर ती गिअरमध्येच ठेवावी.

पावसाळ्यात रबरी बूट घालून चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की त्याच्या जाड, ओल्या टोकाला पेडलचा अर्धा टप्पा कळत नाही. चपलेने तो कळतो, पण एका मुसळधार पावसात चप्पल पेडलखाली अडकून मी जवळजवळ पडलो होतो, त्यामुळे चपलेचा सल्ला देणार नाही. पातळ तळाचा, पुढून बंद असा बूट सर्वांत बरा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकणारे लोक कुंभार्ली घाटातही दिसतात आणि आंबा घाटातही. त्यात इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. न्यूट्रल शोधायला शिकणे म्हणजे ते कुठेही टाकणे नव्हे.

५. क्लचची वायर आणि तिचा फ्री प्ले

किनारपट्टीवर सर्वाधिक वेळा दोष इथे निघतो. रत्नागिरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून खारा वारा येत असतो. लिव्हरपाशी वायरीचे तोंड उघडे असते, त्यातून पाणी आत उतरते आणि सर्वांत खालच्या वळणात साचून तार गंजते. बाहेरून वायर नवीकोरी दिसते.

आधी फ्री प्ले मोजावा. लिव्हर दाबायला लागल्यावर खरा ताण जाणवेपर्यंत त्याचे टोक जेवढे रिकामे सरकते, तेवढा तो फ्री प्ले. अनेक गाड्यांत तो लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ठेवायला सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असेल तो धरावा. यापेक्षा जास्त असेल तर लिव्हरचा बराचसा प्रवास वायरीचा ढिलेपणा काढण्यातच संपतो आणि क्लचच्या प्लेटा, म्हणजे एकमेकींना घट्ट धरून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या चकत्या, पूर्ण वेगळ्या होत नाहीत.

जुळवण्यासाठी लिव्हरपाशी एक गोल चकती आणि तिच्यामागे आट्यांचा ॲडजस्टर असतो. चकती सैल करून ॲडजस्टर बाहेरच्या दिशेने फिरवला की वायर ताणली जाते आणि फ्री प्ले कमी होतो. आत फिरवला की वाढतो. माप जुळल्यावर चकती पुन्हा आवळावी. ॲडजस्टरचे निम्म्याहून अधिक आटे बाहेर दिसू लागले तर तो पुन्हा आत घ्यावा आणि इंजिनाकडच्या टोकाला असलेल्या दोन नटांनी मोठा फरक जुळवावा. तेवढ्यानेही जुळत नसेल तर वायर ताणून लांबली आहे, ती बदलावी.

इथला सर्वांत महागडा सापळा म्हणजे फ्री प्ले पूर्ण काढून टाकणे. न्यूट्रल छान येऊ लागते, म्हणून माणूस खूश होतो. पण क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात आणि पहिल्याच घाटात, इंजिन ओरडत असूनही गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा चूक कळते. तोवर प्लेटांचा खर्च अंगावर पडलेला असतो.

जुळवल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहावे आणि दोन्ही टोकांना फ्री प्ले पुन्हा तपासावा. हँडल वळवल्यावर तो बदलत असेल तर वायर चुकीच्या वाटेने नेलेली आहे किंवा कुठेतरी दबते आहे.

वायर जड चालत असेल तर वरचे टोक लिव्हरमधून सोडवावे, नळीच्या तोंडाभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा शंकू करून चिकटपट्टीने घट्ट बांधावा आणि त्यात पातळ ऑइल ओतून वायर रात्रभर उभी लटकवून ठेवावी. सकाळी खालच्या टोकाने ऑइल ठिबकले की काम झाले. पहिल्यांदा त्यातून तपकिरी पाणी येते, ते पाहून आश्चर्य वाटते. काही वायरींना आतून नायलॉनचे अस्तर असते आणि त्यांना ऑइल नको असते. हेही पुस्तिकेत पाहून घ्यावे. तारेचा एक जरी धागा टोकाशी तुटलेला दिसला तर ऑइलच्या भानगडीत न पडता वायर बदलावी.

खोबरेल तेल वापरू नये. आपल्याकडे ते प्रत्येक घरात असते आणि बिजागरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळीकडे घातले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठते, आणि दापोलीसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील पहाट त्याहून बरीच थंड असते. कालांतराने ते चिकट होऊन धूळ धरते ते वेगळेच. जांभ्याच्या तांबड्या मातीची ती लुकण वायरीतून पुन्हा निघत नाही.

लिव्हरच्या खिळ्यालाही महिन्यातून एकदा ग्रीसचा ठिपका द्यावा.

६. पेडल आणि त्याचा दांडा

गाडी डाव्या बाजूला कधी पडली असेल तर पेडल वाकून इंजिनाच्या कव्हरला किंवा फूटरेस्टला टेकते आणि अर्धा टप्पा पूर्ण होत नाही. वरून पाहिले की लगेच दिसते. पेडल दात्यांच्या दांड्यावर बसवलेले असते आणि त्याचा नट सैल झाला की ते हातात डगडगते. तो आवळावा, पण दाते झिजलेले असतील तर आवळून फार दिवस टिकत नाही. पेडल तुमच्या पायाच्या मानाने फार वर किंवा फार खाली असेल तर ते काढून एक दाता पुढे-मागे बसवता येते. पेडल सरळ करण्यासाठी ते गाडीवर असतानाच हातोडी मारू नये. आतला दांडा वाकतो, आणि मग खरोखरच इंजिन उघडावे लागते.

७. ऑइल आणि इंजिनाचा मंद वेग

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. ऑइल जुने, काळे आणि घट्ट झाले, किंवा पातळीपेक्षा जास्त भरले, तर प्लेटा एकमेकींना चिकटून फिरतात. डिपस्टिकने पातळी पाहताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी उभी असावी, इंजिन थोडे चालवून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे आणि कांडी आट्यांत फिरवून पाहायची की नुसती टेकवून, हे पुस्तिकेप्रमाणे ठरवावे; या एका फरकाने माप चुकते. ऑइल कोणते घालावे याविषयी गावात जितकी तोंडे तितकी मते असतात. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या घट्टपणाचा क्रमांक) लिहिले असेल तर २०डब्ल्यू-५० ‘जास्त दमदार’ म्हणून घालू नये, थंड इंजिनात त्याने प्लेटा आणखी चिकटून फिरतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ अशी खूण असावी. ती ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी आहे. कारचे ऑइल घालणाऱ्यांच्या प्लेटा घसरू शकतात. आरएक्स १०० सारख्या जुन्या दोन स्ट्रोक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूटी ऑइलशी त्याचा संबंध नसतो, हे नवख्या मालकाला बऱ्याचदा कोणी सांगतच नाही.

कांडीवरचे ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी गेले आहे. ती गाडी चालवू नये, आधी ऑइल बदलून घ्यावे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या होत्या. अशा बुडालेल्या गाडीत क्लचच्या लोखंडी प्लेटाही गंजू शकतात. सेकंडहँड गाडी पाहताना सीटखालचा गाळ आणि स्क्रूंवरचा गंज म्हणूनच पाहावा.

इंजिनाचा मंद वेग, म्हणजे मूठ न पिळता इंजिन ज्या वेगाने फिरत राहते तो, जास्त ठेवलेला असेल तरीही न्यूट्रल अवघड जाते. लहान गाड्यांत तो साधारण मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत सकाळी बंद पडते म्हणून मंद वेगाचा स्क्रू पिळून ठेवलेला असतो आणि दुपारी इंजिन तापल्यावर तीच गाडी गुरगुरत उभी राहते. तो स्क्रू गरम इंजिनावर जुळवावा.

८. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी

मुंबईकरांच्या गावच्या गाड्यांची ही नेहमीची कथा आहे. मे महिन्यात गाडी पडवीत लावली, गणपतीला येऊन किक मारली, पहिला टाकला आणि क्लच दाबलेला असतानाच गाडीने उडी घेतली. चार महिन्यांच्या दमटपणात प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. अशी गाडी कधीही थेट गिअरमध्ये टाकून सुरू करू नये, समोर भिंत असेल तर मुळीच नाही.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये दहा मिनिटे चालवून इंजिन गरम करावे. मग इंजिन बंद करून गाडी स्टँडवरून उतरवावी, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा, क्लच पूर्ण दाबावा आणि गाडी जोराने पुढे-मागे ढकलावी. बऱ्याचदा एक ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी मोकळी सरकू लागते. दोन-तीनदा करूनही सुटत नसेल तर प्लेटा उघडून सोडवाव्या लागतात. पुढच्या मे महिन्यात गाडी लावताना क्लचचा लिव्हर दाबून मुठीला कापडी पट्टीने बांधून ठेवला तर प्लेटा वेगळ्या राहतात.

९. रिक्षा आणि हाताच्या गिअरच्या गाड्या

ज्या रिक्षांत आणि जुन्या स्कूटरांत डावी मूठ फिरवून गिअर टाकतात, तिथे क्लचच्या वायरीशिवाय गिअरच्या दोन वायरी असतात. एक ओढते तेव्हा दुसरी सोडते. त्यांतली एक लांबली की मुठीवरची खूण न्यूट्रलवर असते आणि गिअरबॉक्स मात्र पहिल्याच्या किंवा दुसऱ्याच्या काठावर. चालक मूठ थोडी ‘अलीकडे’ धरून न्यूट्रल काढायला शिकतो आणि वर्षभर तसेच चालवतो. त्याऐवजी रिक्षा सपाट जागी हातब्रेक लावून उभी करावी, चाक मोकळे फिरते अशा खऱ्या न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स आणावा, मूठ खुणेवर धरावी आणि दोन्ही वायरींचा ढिलेपणा सारखा काढावा. एकच वायर ताणली तर खूण दुसऱ्या बाजूला सरकते. क्लचच्या वायरीचे सगळे नियम इथे तसेच लागू आहेत, फक्त शहरात दिवसभर प्रवासी उतरवण्या-चढवण्यात क्लच शेकडो वेळा दाबला जात असल्याने वायर लवकर झिजते.

१०. गॅरेजात जावेच लागले तर

वरचे सगळे करूनही इंजिन चालू असताना न्यूट्रल येत नसेल तर क्लच उघडण्याची वेळ आली आहे. लोखंडी प्लेटा उष्णतेने वाकलेल्या असू शकतात, किंवा प्लेटा ज्यात सरकतात त्या क्लच बास्केटच्या कडांना खाचा पडलेल्या असू शकतात. प्लेटा त्या खाचांत अडकतात आणि सुटत नाहीत. इंजिन बंद असतानाही पेडल अडत असेल तर चांदणीची तबकडी, रोलरची स्प्रिंग, शिफ्ट दांड्याची परतीची स्प्रिंग आणि शेवटी फोर्क असा क्रम असतो. यांतील वरचे भाग बऱ्याच गाड्यांत उजव्या बाजूचे क्लच कव्हर काढले की दिसतात. पूर्ण इंजिन फोडावे लागते ते फोर्क आणि ड्रमसाठी. म्हणून ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ असे ऐकल्यावर आधी कव्हर काढून पाहा, असे शांतपणे सांगावे.

मेकॅनिकला नुसते ‘न्यूट्रल पडत नाही’ असे सांगू नये. तिसऱ्या पायरीतील परीक्षेचा निकाल सांगावा, गरम झाल्यावर त्रास वाढतो का तेही सांगावे, ऑइल कधी व कोणते घातले आणि वायर केव्हा बदलली याच्या तारखा द्याव्या, गाडी पडली किंवा बुडाली असेल तर लपवू नये. काढलेल्या जुन्या प्लेटा आणि स्प्रिंगा परत मागाव्या आणि नव्या भागांचे बिल घ्यावे. मी त्या फिटरकाकांकडून माझी गंजलेली वायर मागून घेतली होती. ती अजून पडवीतल्या खिळ्याला टांगलेली आहे आणि शेजारचे कोणी न्यूट्रलची तक्रार घेऊन आले की आधी ती वाकवून दाखवतो, मधोमध येऊन ती अडते.